इम्युनिटीची टेस्ट

सकाळी सात ते दहा ही आमच्या लॅबमधली धांदलीची वेळ. उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर दाटीवाटीनं बसलेली असतात. कुणी शुगरला आलेलं, कुणी थायरॉइडला, मधूनच एखादं पोर सुईच्या धास्तीनं भोकाड पसरतं. मिरजेत हे रोजचंच. अशाच एका सकाळी पस्तिशीतला एक जण माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. निळा फुल शर्ट, बाही वर सरकवली तर आतून तेलाचे डाग. मी पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितली आणि शीर चाचपताना नजर त्याच्या बोटांवर गेली. बेचक्यांतली कातडी सोलवटलेली, मनगटापर्यंत बारीक लाल पुरळ, आणि तळव्याच्या भेगांत काळं असं मुरलेलं की कुठल्याच साबणानं ते निघालं नसतं. ट्यूबमध्ये रक्त चढत होतं तेव्हा तो म्हणाला, "ताई, ती इम्युनिटीची टेस्ट असती का तुमच्यात? माझी इम्युनिटी लई कमी झालीय. कशानंबी अंगावर उठतंय, सर्दी तर हटतच न्हाई."

अशी एकच एक टेस्ट नसते, असं मी सांगितलं. डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी लिहिलीय, त्यात पांढऱ्या पेशी कळतील. त्यानं भिंतीवरच्या दरपत्रकाकडं एकदा बघितलं, "बरं, एवढंच करा मग" म्हणाला आणि कापूस दाबून धरत उठला. सेकंड शिफ्ट होती त्याची.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्याच्या रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली घेतली. लाल पेशींच्या फिकट गुलाबी दाटीत इओसिनोफिल ही पांढरी पेशी ओळखायला कष्ट पडत नाहीत. जांभळं केंद्रक बहुधा दोन पाळ्यांचं आणि भोवती खच्चून भरलेले नारिंगी दाणे. धडधाकट माणसाच्या शंभर पांढऱ्या पेशींत या एकापासून पाच-सहापर्यंत सापडतात. त्याच्या काचेवर मात्र जरा सरकवलं की एक, आणखी सरकवलं की पुन्हा एक. त्याची इम्युनिटी कमी झालेली नव्हती. ती कशाच्या तरी मागे लागून दिवसरात्र राबत होती. जंतांनी या पेशी वाढतात, अ‍ॅलर्जीनं वाढतात, काही औषधांनीही वाढतात. काच एवढंच सांगते. कशाची अ‍ॅलर्जी, हे तिला विचारून उपयोग नाही. आणि आमच्या फॉर्मवर रकाने किती? नाव, वय, स्त्री की पुरुष, कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं, उपाशी की जेवून. हा माणूस दिवसाचे आठ तास कशात हात घालतो, हे लिहायला फॉर्मवर बोटभर जागा नाही.

त्याचा प्रश्न मात्र कितीतरी दिवस डोक्यात घोळत राहिला.

२०२० नंतर हा शब्द आपल्या घराघरांत शिरला. काढा, गुळवेल, हळदीचं दूध. सांगलीत तर हळदीचं काय सांगायचं! २०१८ साली आपल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं होतंच, त्या साथीत तिला औषधाचीही गादी मिळाली. इम्युनिटी म्हणजे टाकीतलं पाणी, कमी झालं की भरायचं, असा समज तेव्हापासून पक्का बसला आहे. कारखान्यातल्या माणसाच्या बाबतीत हा समज फार घात करतो, कारण तिथं बहुतेक वेळा दुखणं उलट्या बाजूनं येतं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच नको तो धडा शिकते आणि मग तो विसरत नाही.

त्याच्या हातांवरून मी अंदाज बांधला होता की तो सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशिनवर असणार. कुपवाडच्या एमआयडीसीत आणि मिरजेच्याही, अशी मशिनं किती तरी. धातू कातताना त्यावर दुधासारखं पांढरट कूलंट वाहत असतं, तेल आणि पाणी एकजीव केलेलं. ते नासू नये म्हणून त्यात जंतुनाशकं असतात. जॉब, म्हणजे मशिनवर लावलेला धातूचा तुकडा, कातला जातो तसे निकेल, क्रोमियम, कोबाल्ट यांचे अंश त्यात उतरत जातात. टाकी बरेच दिवस बदलली नाही तर त्याला कुबट वास सुटतो, म्हणजे आत जिवाणू माजलेले असतात. ऑपरेटरचे हात त्यात भिजतात आणि मशिनचं दार उघडलं की त्याचं धुकं नाकात जातं. क्रोमियमचा किंवा निकेलचा कण इतका सूक्ष्म की एकट्यानं तो आपल्या पेशींच्या नजरेतही भरत नाही. पण कातडीतल्या प्रथिनाला तो चिकटला की ते प्रथिन परकं दिसू लागतं. पेशी त्याला शत्रू ठरवतात, त्याची ओळख जन्मभर जपून ठेवतात, आणि पुढच्या वेळी नुसत्या स्पर्शानं सगळी फौज धावून येते. सिमेंट कालवणाऱ्या गवंड्यांच्या हातांना जो चिवट इसब होतो, त्याच्यामागंही बहुतेक वेळा हेच क्रोमियम असतं. दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, इथं शरीर ताकाच्या वासानंही पेटून उठतं. आणि आपण त्या माणसाला सांगतो, आवळा खा, इम्युनिटी वाढेल.

हे सगळं मला पुस्तकानं शिकवलं असतं तर कदाचित इतकं लागलं नसतं. आमचा दादा, माझ्या आत्याचा थोरला, कुपवाडला एका फाउंड्रीत कोअर शॉपला होता. ओतकामात जी जागा पोकळ राहायला हवी तिथं वाळूचा ठोकळा बसवतात, तो कोअर. वाळूत दोन रेझिन मिसळायची, ती पेटीत ठासायची आणि वरून गॅस सोडायचा. काही सेकंदांत वाळू दगड होते. त्या रेझिनांना शॉपमध्ये नुसतं पार्ट वन आणि पार्ट टू म्हणतात. दादानं एवढी वर्षं काम केलं, पण पार्ट टू म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही कधी विचारलं नाही. तो गॅस म्हणजे अमाइन. त्याला सुकटीचा वास येतो. दादा घरी आला की वहिनी आधी शर्ट बादलीत टाकायला लावायची, तरी उशीला तो वास राहायचाच. कधीमधी रात्री सायकलवरून येताना त्याला रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती निळसर कडं दिसायचं, सगळं धुरकट व्हायचं. वहिनीला वाटलं, मोतीबिंदू. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं तर डोळे स्वच्छ. नंबरही नाही. अमाइनच्या वाफेनं बुबुळाला तात्पुरती सूज येते आणि काही तासांत ती आपसूक उतरते, हे मला फार पुढं वाचायला मिळालं. तेव्हा आम्ही सगळे एवढंच म्हणालो, थकलाय, झोप पुरत नाही.

पार्ट टू म्हणजे आयसोसायनेट. भोपाळला १९८४ साली जो वायू सुटला तो याच घराण्यातला. फाउंड्रीतला प्रकार वेगळा, तो तसा सहज उडत नाही आणि एका रात्रीत माणूस मारत नाही. त्याची चाल निराळी आहे. तो श्वासनळीला शिकवतो. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला काही वर्षं, शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याला आयुष्यभर काहीच होत नाही. पण एकदा धडा बसला की मग मोजमापाच्या मर्यादेखालचा कणही पुरतो. दादाला खोकला सुरू झाला तो संध्याकाळी आणि रात्री. दिवसभर शॉपमध्ये ठीक असायचा, घरी येऊन जेवला की छाती आवळून यायची, पहाटे दोन-तीनला उठून भिंतीला टेकून बसायचा. या दम्यात झटका पुष्कळदा असा उशिरानं, शिफ्ट संपल्यावर येतो, म्हणून संशय घरावर जातो. आम्ही गादी बदलली, देवघरातल्या उदबत्त्या बंद केल्या. एका डॉक्टरांनी तंबाखू विचारली, घरात कुणाला दमा आहे का विचारलं, पंप लिहून दिला. खरं निदान मात्र वहिनीनं केव्हाच केलं होतं. जतला तिच्या माहेरी जत्रेला गेले की दादा चौथ्या-पाचव्या दिवशी गाढ झोपायचा. परत कामावर गेला की पुन्हा तेच. वहिनी म्हणायची, "ह्यास्नी इथली हवा मानवत न्हाई बघ, गावाकडं गेलं की खोकला पळतोय."

सुट्टीत उतरणारा आणि कामावर चढणारा दमा हीच या आजाराची सगळ्यात मोठी खूण. त्याचं खात्रीशीर निदान रक्तात होईलच असं नाही. आमच्या लॅबला तो बहुतेकदा सापडत नाही, हे मी इथं काम करूनही सांगते. त्यासाठी लागतो एक साधा प्लास्टिकचा फुंकायचा मीटर आणि वही. दिवसातून चार वेळा फुंकायचं, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही, काही आठवडे आकडे लिहायचे. एवढ्यावर चित्र उघडं पडतं. वहिनीच्या डोळ्यांनी वहीशिवाय तेच टिपलं होतं. तिला कुणी विचारलं नाही.

आणि दादानं तरी सांगितलं असतं का? तो ठेकेदाराचा माणूस होता. सुपरवायझरला छातीचं सांगितलं तर उद्यापासून येऊ नको, एवढंच उत्तर येणार हे त्याला ठाऊक होतं. शॉपमध्ये दहाच्या चहाबरोबर गुळाचा खडा मिळायचा. गुळानं छातीतली धूळ खाली जाते असा तिथं सगळ्यांचा विश्वास. गूळ जातो अन्ननलिकेत आणि धूळ बसते फुप्फुसात, पण तो खडा हातावर ठेवला जातो तेव्हा कुणाला तरी आपली काळजी आहे असं वाटतं, म्हणून मी त्या गुळाबद्दल वाईट बोलू शकत नाही. तोंडाला दादा रुमाल बांधायचा. पुढं कागदी मास्क आले. ते धूळ थोडीफार अडवतात, वाफ अडवत नाहीत. वाफ अडवायला कार्ट्रिजचा मास्क लागतो आणि त्याहीआधी भिंतीतला ओढून घेणारा पंखा.

वहिनीचे वडील फेटलिंगला होते. कास्टिंग बाहेर आलं की त्याला चिकटलेली वाळू आणि कडा ग्राइंडरनं घासून काढायच्या, ते काम. मला आठवतात ते पडवीत उन्हाला पाठ देऊन बसलेले, बोलताना वाक्याच्या मध्येच थांबणारे. त्यांना टीबी झाला, औषधं पुरी केली, बरे झाले, आणि परत टीबी झाला. गावात लोक म्हणाले, गोळ्या नीट खाल्ल्या नसतील. त्यांनी एकही गोळी चुकवली नव्हती, वहिनी स्वतः मोजून द्यायची. वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात अगदी खोलवर जाते तिथं तिला गिळून टाकायला पेशी असतात. त्या तिला गिळतात आणि स्वतःच फुटतात. धूळ पुन्हा मोकळी, ती गिळायला दुसरी पेशी येते, तीही फुटते. हे वर्षानुवर्षं चालतं आणि तिथं चट्टे उरतात. टीबीच्या जंतूला गिळण्याचं काम नेमकं याच पेशींचं असतं. त्याच बाद झाल्या तर जंतूला रान मोकळं. या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार म्हणजे सिलिकोसिस. तो झालेल्याला टीबीचा धोका इतरांपेक्षा कित्येक पट जास्त असतो तो यामुळंच. म्हणजे धूळ एकीकडं ही पहिली पहाऱ्याची फळी मोडते आणि त्याच वेळी बाकीची यंत्रणा भडकवूनही ठेवते. शेवटच्या हिवाळ्यांत त्यांची बोटं गार पाण्यात घातली की पांढरीफटक पडायची, मग निळी. चेहऱ्याची कातडी ताणल्यासारखी झाली होती. एडिनबरोच्या ब्रॅमवेल नावाच्या डॉक्टरांनी १९१४ साली पाथरवटांमध्ये ही अशी घट्ट होत जाणारी कातडी पाहून लिहून ठेवलं होतं. १९५७ साली दक्षिण आफ्रिकेत एरॅस्मस यांना सोन्याच्या खाणीतल्या कामगारांत तेच दिसलं. शरीर स्वतःवरच उलटतं तो हा आजार, आणि दगडाच्या धुळीशी त्याचं नातं शंभर वर्षांहून जुनं. वहिनीच्या वडिलांच्या फाइलीत एक्स-रे होते, थुंकीचे रिपोर्ट होते, वजनाचे आकडे होते. ग्राइंडरचा उल्लेख कुठल्याच कागदावर नव्हता.

मला राग येतो तो या रिकाम्या जागेचा. वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली इथं रुग्णालय उभं केलं तेव्हापासून मिरज ही डॉक्टरांची म्हणून ओळखली जाते. कर्नाटकातून माणसं एसटीनं, रेल्वेनं इथं येतात. कुपवाडच्या भट्ट्या आणि मिरजेचे दवाखाने यांच्यात रिक्षानं जाण्याइतकं अंतर. पण त्या भट्टीतली गोष्ट या दवाखान्यात पोचत नाही. कायदा नाही म्हणून असं होतं म्हणावं तर तसंही नाही. भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. फाउंड्रीचं काम धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आलं. अशा ठिकाणच्या कामगाराची कामाला लावण्याआधी आणि मग निदान दर बारा महिन्यांनी तपासणी करायची, त्याच्या तब्येतीची नोंद ठेवायची आणि त्याला ती बघू द्यायची, असं त्यात आलं. आपण हाताळतो त्या मालाची माहिती मागण्याचा हक्कही कामगाराला त्याच दुरुस्तीनं दिला. सिलिकोसिस, क्रोमचे व्रण, रसायनांनी होणारा त्वचारोग, आयसोसायनेटची बाधा, हे सगळे त्या कायद्यात कळवायच्या आजारांच्या यादीत होते. असा रोगी दिसला की डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयाला कळवायचं, असं त्यात होतं. पण कळवायचं तर आधी ओळखायला हवं आणि ओळखायचं तर विचारायला हवं. दादाच्या हाती बारा महिन्यांनी काय, एकदाही कसला कागद पडला नाही. ठेकेदार बदलला की त्याची नोकरी कागदावर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू व्हायची, आणि फुप्फुसाला मात्र सगळी वर्षं लागू.

इटलीत रामाझिनी नावाचे वैद्य होते. हौद उपसणारे, कुंभार, आरसे करणारे, अशांच्या कामाच्या जागी स्वतः जाऊन त्यांनी त्यांची दुखणी नोंदवली. १७०० साली त्यांनी लिहून ठेवलं की रोग्याला जे प्रश्न विचारायची जुनी चाल आहे त्यात एक वाढवा: तुम्ही धंदा काय करता? तीनशे वर्षं होऊन गेली. हल्ली रक्त घेताना मी हे विचारते. फॉर्मच्या कोपऱ्यात पेनानं लिहून टाकते: "प्लेटिंग", "पावडर कोटिंग", "थिनरनं पुसायचं काम". थिनरचं काम करणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिसल्या तर बेंझीन आठवायला हवं, कारण ते थेट अस्थिमज्जेवर घाला घालतं. रिपोर्टच्या कोपऱ्यातली ती ओळ सगळे वाचतात असं नाही. पण एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मध्यंतरी फोन करून विचारलं, "ताई, हे प्लेटिंगचं तुम्ही लिहिलंय का? पेशंटच्या नाकातून सारखं रक्त येतंय." क्रोमच्या बाथवर, म्हणजे धातूला क्रोमचा मुलामा देणाऱ्या हौदावर, काम करणाऱ्याच्या नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं. त्यांनी नाक तपासलं. भोक होतं.

आणि लोकांना सांगायचं असतं. हे मला फार जाणवतं. काम काय करता विचारलं की माणूस खुर्चीत सरसावून बसतो. किती टनांची भट्टी, किती हीट, म्हणजे वितळलेल्या धातूच्या खेपा, निघतात, कुठल्या ट्रॅक्टरचा कुठला पार्ट तो करतो, हे अभिमानानं सांगतो. शेवटी आवाज उतरवून म्हणतो, "पण वास लई असतोय." तो निळ्या शर्टवाला परत आला नाही. आला असता तर मी त्याला सांगितलं असतं की तुमची इम्युनिटी ठणठणीत आहे, तुमची टाकी बदलायला सांगा, आणि हातमोजे चांगले मागा.

दादा आता डिस्पॅचला आहे, दुसऱ्या कारखान्यात. पगार कमी झाला. पंप खिशात असतो. पार्ट टूपासून लांब गेल्यावर पुष्कळांचा दमा उतरतो, जितकं लवकर सुटावं तितकं बरं. दादाला उशीर झाला, त्यामुळं जिन्यावर तो अजून थांबतो. त्याचा मुलगा आयटीआय करून याच उन्हाळ्यात एका शॉपला ट्रेनी म्हणून लागला. पहिल्याच आठवड्यात वहिनीनं त्याला ड्रमचा फोटो काढून आणायला लावला आणि तो मला पाठवला. ड्रमच्या अंगावर रेझिन ओघळून वाळलेलं, त्याखाली लाल चौकटीत माणसाची आकृती आणि तिच्या छातीवर फुटलेली चांदणी. शेजारी बारीक इंग्रजीत एक ओळ. मी फोन करून वहिनीला ती मराठीत वाचून दाखवली: श्वासातून गेल्यास अ‍ॅलर्जी किंवा दम्याची लक्षणं होऊ शकतात, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. ती काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, "ड्रमावर लिवलंय व्हय गं हे? पहिल्यापासनं?" लिहिलेलं असतं, म्हटलं. "आणि वढून घ्यायचा पंखा हाय का तिथं, ते कुटं लिवलेलं असतंय? थांब, त्यालाच फोन लावते. जेवायची सुट्टी झाली असंल आता."